ऐकलेल्या पुस्तकाचंही परीक्षण व्हायला हवं

ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचणं का, हा प्रश्न मराठीत दर ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास आणि फेब्रुवारीत भाषा दिनाच्या तोंडावर हमखास वर येतो. परिसंवादात एक बाजू म्हणते, ही आळशी माणसाची पळवाट आहे. पानावर नजर ठेवून जे घडतं ते इअरफोन घालून घडत नाही. दुसरी बाजू म्हणते, काळ बदलला, वेळ कुणाला आहे, मी पुणे-मुंबई प्रवासात महिन्याला चार पुस्तकं संपवतो. टाळ्या दोघांनाही पडतात आणि चर्चा तिथेच थांबते. मला या दोन्ही बाजू सारख्याच अपुऱ्या वाटतात. पहिली पुस्तक म्हणजे कागद समजते, दुसरी पुस्तक म्हणजे उरकायचं काम समजते, आणि पुस्तक कसं वाचून दाखवलंय याबद्दल दोघीही एक अक्षर बोलत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. ऐकणं हा साहित्याकडे जाण्याचा पूर्ण आणि स्वतंत्र रस्ता आहे, त्याला कुणाकडूनही वाचनाचं प्रमाणपत्र नको. त्याला हवी आहे ती कठोर पारख. छापील पुस्तकाच्या भाषांतराची, मुखपृष्ठाची, मुद्रणदोषांची आपण जशी झडती घेतो, तशी ऐकलेल्या पुस्तकातल्या आवाजाची घेत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतंय.

विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल या संशोधक बाईंनी 2022 साली वाचन आणि श्रवण यांची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र तपासले. एकंदर आकलनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण जिथे वाचणाऱ्याला आपल्या गतीनं वाचायची मोकळीक होती, आणि जिथे मजकुरात स्पष्ट न सांगितलेला अर्थ काढायचा होता, तिथे वाचनाचं पारडं जड ठरलं. हे कुणाही वाचकाला अनुभवानं पटेल. अवघड वाक्यापाशी डोळा थांबतो, मागे जातो, समासात रेघ मारतो. कान तसा थांबत नाही. फोन काढून पंधरा सेकंद मागे जायचं म्हणजे तंद्री मोडते. तळटिपांनी भरलेला इतिहासग्रंथ, कोश, ज्यात दोन पानं शेजारीशेजारी ठेवून ताडून बघावी लागतात असं टीकात्मक लेखन, हे डोळ्याचंच काम आहे आणि तसंच राहावं. कवितेतही काही रचना पानावरच्या मांडणीवर उभ्या असतात. ओळ कुठे तोडली आहे हे दिसल्याशिवाय त्यांचा अर्धा अर्थ हातीच लागत नाही. आणि दीडपट वेगानं कादंबरी ऐकणाऱ्यांबद्दल विरोधक जे म्हणतात त्याच्याशी मी शब्दशः सहमत आहे. लेखकानं जिथे श्वास सोडलाय तो श्वास कापून टाकला की उरतं ते कथानक.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? काही पुस्तकं कानासाठी नाहीत, एवढाच. कान साहित्यासाठी नाही, हा निष्कर्ष यातून निघत नाही. पानावर वाचायला मराठीत सर्वांत दुर्बोध मानले गेलेले बा. सी. मर्ढेकर पोटापाण्यासाठी आकाशवाणीत अधिकारी होते आणि त्यांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या. नवकवितेचा हा प्रवर्तक ध्वनीच्या माध्यमाला हलकं समजत नव्हता.

दुसरा आक्षेप लक्षाचा. भांडी घासताना, गाडी चालवताना, चालायला गेल्यावर ऐकलेलं साहित्य हे अर्धवट लक्षानं घेतलेलं साहित्य, असं म्हटलं जातं. इथे मला क्यूबातले सिगार कामगार आठवतात. 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात सिगार वळणाऱ्या कामगारांसमोर एक माणूस उंच जागी बसून मोठ्यानं वाचू लागला. त्याचा मेहनताना कामगार आपल्या पगारातून देत. बोटं तंबाखूच्या पानावर, कान पुस्तकावर. वर्तमानपत्रं, इतिहास, कादंबऱ्या असं सगळं वाचलं जाई. दुसऱ्याच वर्षी स्पॅनिश सरकारनं या वाचनावर बंदी घातली. अर्ध्या लक्षानं ऐकलेल्या मजकुराला कुठलं सरकार घाबरतं? पुढे ही प्रथा परत आली, फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात स्थलांतरित कामगारांबरोबर गेली, आणि 1931 साली मालकांनी तिथले वाचक काढून टाकले तेव्हा कामगारांनी संप केला. माझ्या मुद्द्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या वाचकांची निवड कामगारच करत. उमेदवार समोर येऊन वाचून दाखवायचा आणि ऐकणारे ठरवायचे, हा आवाज आम्हाला दिवसभर चालेल की नाही. ज्यांच्यातल्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, त्या माणसांनी श्रवणाची पारख स्वतःच्या हातात ठेवली होती. आपण फोनवर वर्गणी भरणारे सुशिक्षित श्रोते ती पारख सोडून बसलो आहोत.

आपल्याकडे ऑडिओबुकांची बाजू घेणारे लगेच परंपरेचा हवाला देतात. ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसांना विचारून गोळा केल्या, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणभक्तीचा आहे. तेव्हा आमची परंपराच मौखिक, बोला आता! हे सगळं खरं असलं तरी युक्तिवाद म्हणून आळशी आहे. कारण त्या परंपरेतला श्रोता नुसता ऐकून घेणारा नव्हता. कीर्तनात बुवांनी चरण चुकवला तर समोर बसलेल्या माळकऱ्यांतून दुरुस्ती येते. श्रावणात पोथी लावायची तर कुणाचं वाचन स्वच्छ, कुणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, याची गावात चर्चा होत असे. परंपरा सांगायचीच तर ती सगळी सांगावी: आवाजही होता आणि त्या आवाजावर अंकुशही होता.

याहून नेमकं उदाहरण जोतीराव फुल्यांचं आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून होत होता तेव्हा त्यांनी त्यातला मजकूर मुंबई, पुणे, ठाणे इथे आणि जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. संपूर्ण पुस्तक मात्र फुल्यांच्या हयातीत छापून आलं नाही. म्हणजे मराठीतल्या अत्यंत महत्त्वाच्या गद्यग्रंथांपैकी एकाचे पहिले वाचक हे श्रोते होते, त्यातले कित्येक शेतकरी होते, आणि तो ग्रंथ ज्यांच्याबद्दल होता त्यांच्याच कानांवर आधी पडला. ऐकणाऱ्यांना दुय्यम वाचक म्हणणाऱ्यांनी या शेतकऱ्यांना काय म्हणायचं ठरवलंय? ‘असूड’मधलं एखादं वाक्य मोठ्यानं वाचून बघा. लांबलचक, एकात एक गुंतलेलं, पण बोलणाऱ्याच्या दमानं तोललेलं. डोळ्यांनी वाचताना ते दमवतं. कुणी नीट वाचून दाखवलं तर संतापाची चढण कुठे आहे ते कळतं.

नव्या माध्यमाला अपवित्र ठरवायची सवयही आपल्याला जुनीच आहे. छपाई आली तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालेना. 1841 साली पहिलं मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी यांनी धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरली, तेव्हा कुठे लोक हात लावायला तयार झाले. आज छापील पानाच्या वासाबद्दल गहिवरून बोललं जातं. त्या काळच्या शास्त्र्यांना तो वासच बाटगा वाटत होता. पण छपाईचा इतिहास एवढ्यावर थांबत नाही. छापील मजकुरावर विश्वास बसला तो शाई बदलल्यामुळे नव्हे. प्रूफं तपासणारी, शुद्धलेखनावर भांडणारी, मासिकांतून ग्रंथांची चिरफाड करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं मागे उभी राहिली म्हणून तो बसला. ध्वनीच्या मागे तशी माणसं अजून उभी नाहीत.

एकेकाळी होती, हे विसरता येत नाही. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 पासून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक गाणं, एकूण 56. ती रचना आधी कानांसाठीच झाली. पुस्तक नंतर आलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकरांनी कविता गावागावांत नेल्या. हे लेखक स्वतःचा मजकूर वाचत, आणि कुठली कथा म्हसवडला रंगते पण दादरला पडते याचा हिशेब त्यांना समोरच्या चेहऱ्यांवरून रोखीत मिळे. आकाशवाणीत स्वरचाचणी दिल्याशिवाय माइकपुढे बसता येत नसे. त्या व्यवस्थेत कडकपणाचे तोटेही होते, गावाकडचा उच्चार कानांना टोचतो म्हणून बाजूला पडलेली माणसं होती. तरी कुणीतरी ऐकून हो-नाही म्हणत होतं.

2017 च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर तिनं मराठीही घेतली. त्यानंतर मराठी ऑडिओबुकांची संख्या झपाट्यानं वाढली, चांगली अभिवाचनंही झाली आणि नाटकाच्या नटांना नवं काम मिळालं. हे मनापासून स्वागतार्ह आहे. पण आज मराठीत ऐकायला जे उपलब्ध आहे ते कान देऊन ऐकलं, तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा खुपतात. पहिली, पार्श्वसंगीत. दुःखाचा परिच्छेद आला की बासरी, पाऊस आला की पावसाचा आवाज. लेखकानं चार शब्दांत पाडलेला पाऊस पुरेसा नव्हता का? दुसरी, संवाद. मराठी छापील कथेत अवतरणचिन्हातलं वाक्य आधी येतं आणि ‘असं ती म्हणाली’ शेवटी. डोळ्याला अवतरणचिन्ह दिसतं, कानाला दिसत नाही. कोण बोलतंय हे पहिल्या शब्दाच्या लकबीतच कळायला हवं, आणि ती लकब इतकी हलकी हवी की निवेदन आणि पात्र यांच्यात भिंत उभी राहू नये. कसलेला अभिवाचक आधी सगळं पुस्तक वाचतो, कुठे श्वास घ्यायचा ते पेन्सिलीनं खुणावतो, आणि स्त्रीपात्रासाठी आवाज चिरका न करता फक्त किंचित वरच्या पट्टीत नेतो. घाईत उरकलेल्या अभिवाचनात म्हातारी कापऱ्या आवाजात बोलते, मूल बोबडं बोलतं आणि खेडूत कुठल्याच जिल्ह्यात न बोलली जाणारी भाषा बोलतो.

तिसरी गोष्ट बोलीची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. बहिणाबाईंची लेवा बोली, मालवणी, वऱ्हाडी, माणदेशी या सगळ्यांवर सदाशिव पेठी उच्चाराची इस्त्री फिरते. ‘व्हता’चं ‘होता’ झालं की ओवीचा चेहराच पुसला जातो. छापील पुस्तकात बोली निदान अक्षरांत टिकून असते. वाचकानं ती मनात कशी का उच्चारेना. ऑडिओत एकदा चुकीचा उच्चार ध्वनिमुद्रित झाला की हजारो श्रोत्यांसाठी तोच मूळ ठरतो. जळगावातली एखादी शिक्षिका, सावंतवाडीतला एखादा दशावतारी नट हे काम करू शकतील की नाही, हे विचारायला तरी कुणी गेलं का?

आता यंत्राच्या आवाजाची भर पडली आहे, आणि इथे तर समीक्षा नसल्याची किंमत ताबडतोब मोजावी लागेल. मराठी ‘च’ दोन प्रकारचा आहे. ‘चिंच’ या एकाच शब्दात पहिला च तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतला झ वेगळा. लिपीत हा फरक दाखवलेला नाही. तो फक्त मराठी माणसाच्या तोंडात आहे. हिंदी वळणाचा कृत्रिम आवाज ‘चूल’, ‘झाड’, ‘जग’ सगळं एकाच तालव्य सुरात म्हणतो आणि ‘ज्ञान’चं ‘ग्यान’ करतो. स्वस्त आहे, एका रात्रीत पुस्तक तयार होतं, म्हणून हे खपवून घेतलं, तर ऐकून मराठी शिकणारी मुलं हेच उच्चार उचलतील. परदेशात वाढलेल्या आणि आपल्याच शहरांतल्या इंग्रजी शाळांतून शिकलेल्या कितीतरी मुलांना मराठी कळतं, पण देवनागरी अडखळत वाचता येते. त्यांच्यासाठी ध्वनी हाच दरवाजा आहे.

याच मुलांवरून विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो: ऐकायची सोय झाली तर ती देवनागरी वाचायला शिकतीलच कशाला? भीती खोटी नाही. पण वाचन कसं घडतं ते पाहू. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 साली मांडलेलं सूत्र वाचनशिक्षणात आजही पायाभूत मानलं जातं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ज्या मुलाच्या कानांवर घरात फक्त ‘जेवलास का’ आणि ‘होमवर्क झाला का’ एवढंच मराठी पडतं, त्याला अक्षरं येऊनही पुस्तकातलं मराठी परकंच राहणार. त्याला रोज रात्री ‘श्यामची आई’तली एक रात्र ऐकू द्या. ते पुस्तक रचलंयच तसं, आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगितलेल्या आठवणी म्हणून, बेचाळीस रात्रींचं. साने गुरुजी 1950 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे 2011 पासून ते कुणालाही ध्वनिमुद्रित करायला मोकळं आहे. फुले, ताराबाई शिंदे, हरी नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक हेही मोकळे आहेत. ‘स्मृतिचित्रे’ तर बोलण्यातूनच उतरलेलं गद्य आहे. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचं वर्णन लक्ष्मीबाई ज्या निर्विकार चेहऱ्यानं करतात, तो निर्विकारपणा आवाजात धरणं हे फार मोठ्या अभिनेत्रीचं काम आहे. वाचणारी स्वतः हसली की संपलं. अशा पुस्तकाची तीन-चार वेगवेगळी अभिवाचनं असावीत आणि त्यांची तुलना व्हावी, जशी एकाच नाटकाच्या वेगवेगळ्या प्रयोगांची होते.

पॉडकास्टची गोष्टही वेगळी नाही. मराठीत गप्पांचे पॉडकास्ट भरपूर झाले, काही चांगले आहेत, पण साहित्यावरच्या बहुतेक भागांत पाहुण्याचं नुकतं आलेलं पुस्तक यजमानानं वाचलेलं नसतं आणि दोन तासांच्या गप्पा न कापता तशाच चढवलेल्या असतात. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’मध्ये 1998 पासून एक सूत्रधार, तीन अभ्यासक आणि एक विषय, पाऊण तासाच्या आसपास, एवढंच असतं; हजाराहून अधिक भाग झाले. ‘न्यूयॉर्कर’च्या कथा-पॉडकास्टमध्ये आजचा एक लेखक मासिकाच्या जुन्या अंकातली दुसऱ्याची कथा निवडतो, वाचून दाखवतो आणि मग संपादिकेशी तिच्यावर बोलतो. ‘सत्यकथा’ ही मराठी साहित्यपत्रिका 1982 साली बंद पडली. तिच्यातल्या कथा आजच्या कथाकारांनी वारसांच्या परवानगीनं निवडून वाचाव्यात आणि का निवडल्या ते सांगावं, यासाठी स्टुडिओपेक्षा अभ्यास जास्त लागेल.

आणि या सगळ्या वादात ज्यांना कुणी मोजतच नाही ते अंध वाचक. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकात बोलकी पुस्तकं सुरू झाली ती त्यांच्यासाठी. त्यांच्या हक्कासाठी झालेला माराकेश करार मान्य करणारा पहिला देश 2014 साली भारत होता. कानांनी एमए झालेल्या विद्यार्थ्यासमोर ‘ऐकणं म्हणजे वाचन नव्हे’ हे वाक्य कोण उच्चारू शकेल? मराठीत स्वयंसेवक वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी निगुतीनं वाचत आले आहेत. कुठला शब्द गिळला, कुठे पान उलटल्याचा आवाज आला, हे त्यांना अंध श्रोत्यांनीच बिनदिक्कत सांगितलं. मराठीत श्रवणाचे खरे परीक्षक आज तेच आहेत. अभिवाचक निवडणाऱ्या प्रकाशकांनी त्यांना मानधन देऊन बोलवावं.

प्रकाशकांकडून आणखी एक. ऑडिओचे हक्क देताना अभिवाचक निवडण्यात लेखकाचं मत करारात लिहून घ्या, आणि यंत्राचा आवाज वापरणार असाल तर तसं ठळक जाहीर करा. रविवारच्या पुरवण्यांकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. परीक्षणाखालच्या चौकटीत पुस्तकाचं नाव, प्रकाशन, पानं, किंमत छापता. ऑडिओ आवृत्ती असेल तर तिथेच अभिवाचकाचं नाव, एकूण कालावधी आणि संपूर्ण की संक्षिप्त, एवढं छापा. आणि परीक्षण लिहिणाऱ्यानं ते पुस्तक एकदा ऐकावं, मूळ गतीनं, आणि आवाजावर दोन परिच्छेद लिहावेत, नावं घेऊन.